मधल्या आवाजाचे भाऊजी

माझ्या आईला माझा आवाज ऐकू येत नाही आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा येतो, हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. पोटची मुलगी कानाशी तोंड नेऊन घसा फाडते, तर आई शांतपणे म्हणते, "नुसते ओठ काय हलवतेस?" आणि भाऊजी पलीकडच्या खुर्चीतून, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणतात, "आई, ती म्हणतेय चहा घ्या," की आईचं उत्तर तयार, "चहा घेते." असा संताप यायचा म्हणून सांगू!

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट समजावलं होतं. वय झालं की आधी वरचे, बारीक आवाज जातात. पाखरं, दारावरची घंटी, लहान मुलं आणि आम्ही दोघी बहिणी. खालचे जाड आवाज मागे उरतात. आईच्या कानातून मात्र अगदी खालचेही गेले होते, मधलाच एक पट्टा शाबूत राहिला होता आणि भाऊजींचा आवाज बरोबर त्यात बसायचा. कानात घालायचं यंत्र आणून पाहिलं. त्यातून भांड्यांचा आवाज कानठळ्या बसवायचा आणि माणसांचा कळायचा नाही तो नाहीच. आईनं ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. "जावईबापूंचं ऐकू येतंय तेवढं पुरे," म्हणाली. मी बालवर्गाला शिकवते. माझ्या एका हाकेनं वर्गभर पोरं जागच्या जागी थिजतात. घरी मात्र माझी किंमत शून्य.

भाऊजींचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. उंची बेताची, केस बेताचे, बोलणं तर फारच बेताचं. आवाज मात्र असा, की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं कुणी बडे साहेब बोलतायत. मग दारात हत्यारांची पिशवी घेतलेला, गुडघ्याला ग्रीस लागलेला हा माणूस उभा राहिला की लोक त्यांच्या मागे बघायचे आणि विचारायचे, "साहेब मागून येतायत ना?" भाऊजी म्हणायचे, "येतायत. तोवर मी उघडून ठेवतो." आणि गंमत म्हणजे आम्ही चौघं राहतो त्या जुन्या इमारतीलाच लिफ्ट नाही. गुडघे गेल्यापासून आई तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेली नव्हती.

त्यांच्या कामात एक नियम असतो. लिफ्टच्या डोक्यावर एक माणूस उभा, खाली खड्ड्यात दुसरा, मधे सगळा अंधार आणि लोखंडी दोर. वरच्यानं म्हणायचं, "खाली घेतोय." खालच्यानं तेच शब्द परत म्हणायचे, "खाली घे." नुसतं हो चालत नाही, हं तर मुळीच नाही. शब्द परत आल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. "हं म्हणणारा माणूस काय ऐकून हं म्हणाला, ते कुणाला माहीत?" असं भाऊजी म्हणायचे. हाच नियम त्यांनी आईला लावला होता. "आई, गोळी घ्या." "गोळी घेते." "आई, डॉक्टर उद्या येणार." "उद्या येणार." आईला त्याची इतकी सवय लागली होती, की दुपारच्या डुलकीतसुद्धा ती मधेच कुणाचंतरी बोलणं परत म्हणायची.

लग्नाआधी ते एका गायकवृंदात जायचे. तिथे पुरुषांच्या रांगा दोनच. उंच आवाजाच्यांची एक, खर्जातल्यांची एक. उंचवाल्यांत उभं केलं की वरच्या सुराला भाऊजींच्या मानेच्या शिरा फुगायच्या. खर्जवाल्यांत उभं केलं की तळाच्या सुराला तोंडातून नुसती हवा यायची. वृंदाच्या बाई शेवटी म्हणाल्या, "तुमचा बॅरिटोन आहे. दोन्हींच्या मधला. आवाज छान आहे हो, पण माझ्याकडे मधली रांग नाही." दुसरा कुणी असता तर रुसला असता. भाऊजी तिथून उठले ते कामगारांच्या बँडमध्ये जाऊन बसले. तिथे त्याच नावाचं एक पितळी वाद्य धूळ खात पडलं होतं, बॅरिटोन हॉर्न. गुंडाळलेल्या नळ्यांचं, मोठ्या तोंडाचं, मांडीवर घेऊन फुंकायचं. ट्रम्पेटवाल्याकडे सगळे बघतात, ड्रमवाल्याकडे पोरं बघतात, बॅरिटोनवाल्याकडे त्याची बायकोसुद्धा बघत नाही, असं ताई म्हणायची.

एका रविवारी भाऊजी तापानं पडून होते आणि मी सहज बागेत त्यांचा बँड ऐकायला गेले. वरचे सूर वर तरंगत होते, खालचे खाली धपधप करत होते आणि मधे भगदाड पडलं होतं. हा माणूस तिथे बसून इतकी वर्षं काय करतो, ते मला त्या दिवशी कळलं.

घरातही ते मधेच बसलेले. आईशी ज्याला जे बोलायचं असेल, ते भाऊजींमार्फत. मी म्हणायचे, "सांगा तिला, हट्टीपणा पुरे झाला. काठी घेऊन चाल म्हणावं. पडलीस तर मी उचलायला येणार नाही." भाऊजी चष्मा सारखा करायचे आणि सांगायचे, "आई, धाकटी म्हणतेय, तुम्ही काठी घेतलीत तर तिच्या जिवाला घोर राहणार नाही." आई माझ्याकडे क्षणभर बघायची आणि म्हणायची, "काठी घेते."

मी उखडायचे. "मी असं म्हटलं नव्हतं."

"अर्थ तोच होता."

"मुळीच नव्हता!"

"बरं, मग तू सांग," असं म्हणून ते पुन्हा वर्तमानपत्रात. माझं भांडणसुद्धा आईपर्यंत धुऊन, इस्त्री होऊन पोचायचं. मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला लाज नाही. आई माझी आणि तिच्या कानाची किल्ली त्यांच्या खिशात.

मग त्यांच्या गळ्यावर गाठ दिसली. दाढी करताना त्यांना स्वतःला नाही दिसली, ताईला दिसली, पाणी पिताना घोटाबरोबर वरखाली होणारी. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावीच लागेल. आवाजाची नस तिला अगदी खेटून जाते. आम्ही जपूच, पण आवाज बसू शकतो. काही दिवस, काही महिने, क्वचित कायमचा.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिला फक्त गाठीची भीती होती, ती बरी की वाईट एवढंच तिला विचारायचं होतं. भाऊजींनी विचारलं ते भलतंच. "बसतो म्हणजे किती बसतो? जाडी राहते का त्याची?"

"तुम्ही गाता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," भाऊजी म्हणाले. "सासूबाईंशी बोलतो."

डॉक्टर हसले. आम्ही तिघं हसलो नाही.

घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला, की आईला सांगायचं कुणी? सांगू शकणारा माणूस एकच आणि त्याचीच जीभ रेटेना. रोज सकाळी भाऊजी म्हणायचे, "आज सांगतो." आईसमोर खुर्ची ओढून बसायचे. आई मान पुढे काढायची. मी आणि ताई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून श्वास धरून उभ्या. भाऊजी खाकरायचे आणि म्हणायचे, "आई, आज उकाडा फार आहे."

"उकाडा फार आहे."

असा उकाडा आठवडाभर चालला. त्या आठवड्यात आभाळ भरलेलं होतं आणि आम्ही स्वेटर घालून फिरत होतो. शेवटी एकदा त्यांनी धीर केला, पण खरं सांगण्याचा नव्हे. "आई, बाहेरगावी एका मोठ्या इमारतीचं काम निघालंय. थोडे दिवस जाणार आहे."

"थोडे दिवस जाणार," आई म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "मग माझ्याशी कोण बोलणार?"

भाऊजी उठून गॅलरीत गेले आणि तिथला वाळलेला टॉवेल उगाच पुन्हा पुन्हा झटकत राहिले.

मला तेव्हा दोन काळज्या होत्या आणि कुठली मोठी ते मलाच ठरवता येत नव्हतं. एक, हा भला माणूस टेबलावरून नीट उठेल का? आणि दुसरी, उठला आणि मुका झाला, तर आई जिवंतपणी एकटी पडेल. आपल्या आईशी आपण यापुढे एक शब्द बोलू शकणार नाही, हा विचार आला की वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा.

यावर मी एक अक्कल लढवली. भाऊजींचा आवाज फोनमध्ये भरून ठेवायचा. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही वाक्यं भरली. गोळी घ्या. पाणी प्या. काम चांगलं चाललंय. मी मजेत आहे.

"आणि त्यांनी काही विचारलं तर?" भाऊजी म्हणाले.

"तर 'हो' आणि 'नाही' दोन्ही भरून ठेवू."

"'बघू' पण भर. संसारात तेच जास्त लागतं."

'बघू' भरलं. तरी त्यांचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. मांडीवर तो हॉर्न. म्हणाले, "धाकटे, फोनचा मला भरवसा नाही. तू शिक."

"काय शिकू?"

"खाली बोलायला. तुम्ही सगळे आईंशी ओरडता. ओरडलं की आवाज वर चढतो आणि वरचं तर त्यांना ऐकूच येत नाही. जितकं जास्त ओरडाल तितकं कमी ऐकू येणार. जोर नको आहे गं त्यांना, आवाज खाली हवा. बाईमाणसाच्या अगदी खालच्या सुरांना माझे वरचे सूर लागून असतात. तिथवर ये, बास."

त्यांनी एक सूर धरला, लांब, सपाट. मी त्याच्या मागे घसा खाली खाली नेत गेले. "जांभई देताना कसा घसा सैल पडतो, तसा सोड. छातीवर हात ठेव. हाताला थरथर लागली की समज पोचलीस." मी सोडला. सर्दी झालेल्या बोक्यासारखा आवाज आला. भाऊजींना हसू आवरेना, मलाही आवरेना. पुन्हा सूर, पुन्हा बोका. तेवढ्यात दार उघडून ताई आत आली. तिचे डोळे लाल होते.

"काय चाललंय हे? माणूस धडधाकट समोर बसलाय आणि तुम्ही त्याच्या आवाजाच्या वाटण्या करून घेताय?"

"ताई, अगं तसं नाही..."

"तसंच आहे. तू शिकलीस म्हणजे यांचा जाणारच, असं ठरवूनच टाकलंत की तुम्ही." तिनं भाऊजींच्या मांडीवरून हॉर्न उचलला, पेटीत घातला आणि कड्या लावल्या. मग पेटीवरच बसून रडली. त्यानंतर कुणी शिकवणीचं नाव काढलं नाही.

शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ताईनं माझा हात असा दाबून धरला होता, की बोटांना मुंग्या आल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ निघाली, दिसायला तरी साधी वाटतेय. नशीब. पण नसेवर ताण आलाय. बघू या.

भाऊजींना शुद्ध आल्यावर ताई वाकली. "काही हवंय का?" त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याची पट्टी हलली आणि नुसती हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. ते माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मला अजून आठवते आणि नको वाटते.

"काही महिने वाट पाहावी लागते," डॉक्टर म्हणाले. "बहुतेकांचा येतो." बहुतेकांचा. ताई दवाखान्यात राहिली आणि मी आईकडे आले.

मी फोन आईच्या कानाशी धरून 'गोळी घ्या' लावलं. आईनं फोन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "बंद आहे का गं?" मी आवाज पूर्ण वाढवला. मला ऐकू येत होतं, पण तो भाऊजींचा आवाज नव्हताच, डब्यात बसून बोलल्यासारखा होता. शर्टाच्या बटणाएवढ्या भोकातून त्यांची सगळी जाडी बाहेर यायची कशी? ती आतच राहिली होती आणि जे बारीक उरलं होतं, ते आईच्या कानाच्या उपयोगाचं नव्हतं. 'हो', 'नाही', 'बघू', सगळं वाया.

मग मी शाळेची पाटी काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भाऊजी बरे आहेत.' आईनं वाचलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बरे आहेत म्हणजे? ते कामाला गेलेत ना? आजारी होते का?" माझाच खडू घसरला होता. मी घाईघाईनं पुसून लिहिलं, 'मजेत आहेत.' तोवर पाणी डोक्यावरून गेलं होतं. "पाटीवर सगळे मजेतच असतात," आई म्हणाली. मी त्यांचा सकाळीच काढलेला फोटो दाखवला, मानेपर्यंत चादर ओढलेला, हसरा. आईनं तो बराच वेळ बघितला. "फोटो तर तुझ्या बाबांचाही आहे माझ्याकडे," म्हणाली.

माझं डोकं चालेना. त्या घाईत मी जे केलं, ते आठवलं की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांचा आवाज जाड आहे, चांगला खर्जातला. मी धावत जाऊन त्यांना घेऊन आले. म्हटलं, "एवढंच सांगा, की भाऊजी ठीक आहेत, चार दिवसांत येतील." बिचारे गळ्यातली टेपसुद्धा न काढता आले. वयस्कर बाईंसमोर कसं बोलावं या संकोचानं मान खाली घालून, हातात हात धरून उभे राहिले आणि पुटपुटले. तो आवाज इतका खाली होता, की मलाच त्यातले शब्द लागेनात. आईला नुसती घरघर पोचली असेल. तिनं त्यांची खाली घातलेली मान पाहिली, एकमेकांत धरलेले हात पाहिले. तिनंही मान हलवली. काका निघून गेले.

आईनं समोरचं ताट बाजूला सारलं.

"गेले ना गं जावईबापू?" ती म्हणाली. "शेजारीपाजारी भेटायला यायला लागलेत. मला सांगत का नाही तुम्ही?"

"नाही, नाही आई, अगं नाही!" मी किंचाळले. तिच्या खांद्यांना धरून किंचाळले. जितकी किंचाळले तितकी वर गेले आणि मला ते कळत होतं, तरी थांबता येत नव्हतं. भीतीनं, चिडचिडीनं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईनं ते पाणी बघितलं आणि तिची खात्रीच पटली. ती माझे डोळे पुसायला लागली. माझं सांत्वन करायला लागली! "थोरली कुठे आहे? तिला एकटीला सोडू नका," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पाटीवर लिहून पुढे केलं तर बघितलं नाही, चहा आणला तर घेतला नाही. गोळी हातात दिली तर उशीशी ठेवून दिली. तिच्या गोळ्या चुकवून चालत नाही, रक्तदाबाच्या आहेत. मी मागच्या खोलीत पळाले. काय करावं, कुणाला बोलवावं, सुचेना. ताईला फोन करून काय सांगू, की तुझ्या नवऱ्याला आईनं इथे मारून टाकलंय?

तिथे कोपऱ्यात ती पेटी होती, ताईनं कड्या लावलेली. मी तिच्यावर बसले. मला ते वाद्य वाजवता येत नव्हतं आणि वाजवून उपयोगही नव्हता. मी डोळे मिटून भाऊजींचा तो लांब, सपाट सूर आठवत राहिले. छातीवर हात ठेवला. जांभई दिल्यासारखा घसा सोडला. आधी बोका आला. मग पुन्हा बोका. मग श्वास जरा संथ झाला तसा आवाज एक पायरी उतरला, आणखी एक उतरला आणि तळहाताला बारीक थरथर लागली.

मी आईजवळ जाऊन बसले. ओरडले नाही. छातीवरचा हात काढला नाही.

"भाऊजी जिवंत आहेत."

आईनं झटकन वळून माझ्या मागे, दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"भाऊजी जिवंत आहेत."

"जिवंत आहेत," आई म्हणाली.

शब्द परत आले. मी रडू येऊ दिलं नाही, कारण रडले असते तर आवाज वर गेला असता. एकेक वाक्य सावकाश खाली ठेवत मी सगळं सांगितलं. गळ्यावर गाठ होती. "गाठ होती." ती काढली. "काढली." गाठ साधी आहे. "साधी आहे." आवाज बसलाय. इथे आई अडखळली. "बसलाय," म्हणाली आणि उठून बसली. गोळी घेतली, ताट ओढून घेतलं. जेवता जेवता मधेच थांबून तिनं मला निरखलं. "तुझा आवाज असा आहे होय? माझ्या लक्षात वेगळाच राहिला होता."

भाऊजी घरी आले ते प्रत्येक मजल्यावर थांबत, ताईच्या खांद्यावर हात ठेवून. गळ्याला पट्टी, चेहरा उतरलेला. खुर्ची ओढून नेहमीच्या जागी, आईसमोर बसले आणि म्हणाले, "आई." म्हणजे ओठांनी म्हणाले. आईचा कान पुढे आलेला होता. त्यात काही पडलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. आईनं हळूच मान हलवली, नाही. तेव्हा तो शांत माणूस माझ्याकडे वळला आणि मला ऐकू जाईल एवढंच कुजबुजला, "त्यांना सांग, मला फार भीती वाटतेय. परत आलाच नाही तर मी काय करू?"

आयुष्यभर मी ज्याच्यावरून त्यांच्याशी भांडले, ते मला आठवलंसुद्धा नाही. मी छातीवर हात ठेवला आणि आवाज खाली नेऊन म्हटलं, "आई, भाऊजी म्हणतायत, भूक लागलीय."

आईनं शब्द परत म्हटले नाहीत. ती भाऊजींच्या तोंडाकडे बघत होती.

"घाबरलेत ना ते?" तिनं विचारलं. "ते तुझ्या नावावर असंच गोड गोड सांगायचे मला. कान गेलेत माझे, डोळे नाही गेले. तुझं तोंड बघून कळायचं, तू काय म्हणाली असशील ते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलायचं कशाला? तू चिडायचीस ती माझ्या काळजीनं, ते तरी खरंच होतं ना." मग ती माझ्यावर खेकसली, "आता तू नीट सांग. जसं आहे तसं."

मी सांगितलं. "भाऊजी घाबरलेत. आवाज परत येणार नाही, असं वाटतंय त्यांना."

"घाबरलेत," आई म्हणाली. मग खाली शिंपीकाकांपर्यंत जाईल अशा आपल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "त्यांना सांग, मीपण घाबरले होते. गेले असं वाटून."

भाऊजी हातभर अंतरावर बसलेले. त्यांचे कान ठणठणीत. तरी मी त्यांच्याकडे वळले आणि त्याच खालच्या आवाजात सांगितलं, "भाऊजी, आई म्हणतेय, तीपण घाबरली होती."

भाऊजींनी नुसती मान हलवली नाही. गळ्याच्या पट्टीवर हात ठेवून, सगळा जोर लावून, त्यांनी ते शब्द परत म्हटले.